लेन झाडणारा रेडा

मला होड्यांवर लिहायला सांगितलं होतं. अंक काढणारे मास्तर घरी आले, खळ्यात, म्हणजे अंगणात, बसले, सोलकढी प्याले आणि म्हणाले, "मेस्त, तुम्ही आयुष्यभर होड्या बांधल्यात, त्यावर लिहा." मी म्हटलं, होड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांना होडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं ते कळत नाही, तरी लिहितात. मी लिहीन तर व्हॅक्यूम क्लीनरवर लिहीन. मास्तर हसले. मी थांबलो. हसून झाल्यावर म्हटलं, "आता सांगा, लिहू की नको?"

मी चौथीपर्यंत गेलो, तीही पुरी केली नाही. वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. पण हे सगळं माझ्या हाताचं आहे.

आमचं गाव मालवणपासून जवळ, खाडीच्या अंगाला. बाप होड्या बांधायचा, मीही बांधायचो. मग फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडावर हात फिरवणारी माणसं घरी बसली. त्याच सुमाराला, म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी, किनाऱ्यावर एका मुंबईच्या शेठनं मोठं हॉटेल काढलं. नाव लिहीत नाही, आता ते त्या नावानं राहिलेलंही नाही. शेठला हौस दांडगी. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात बोलिंगची जागा बंद पडली होती, तिथल्या दोन लेन त्यांनी उखडून कंटेनरात घालून आणल्या. फळ्या आल्या, चेंडू आले, बाटल्यांसारख्या पिना आल्या. बसवायची कशी ते सांगणारा माणूस मात्र आला नाही.

हॉटेलचे मॅनेजर परुळेकर साहेब. शिकलेला माणूस, चष्मा, शर्ट कायम खोचलेला. ते माझ्या घरी आले नि म्हणाले, "मेस्त, लाकडाचं काम आहे, पण होडी नाही. याल का बघायला?"

गेलो. फळ्या बघितल्या आणि खरं सांगतो, हातातली विडी टाकून दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोलिंगची लेन म्हणजे साठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी लाकडाची वाट. एकोणचाळीस पट्ट्या, आडव्या नव्हे, काठावर उभ्या करून एकमेकींना ठोकलेल्या. जिथं चेंडू आपटतो तिथं मेपल म्हणून कठीण लाकूड, मधे नरम पाईन, पिना उभ्या राहतात तिथं पुन्हा मेपल. दोन्ही बाजूंना पन्हळ, चुकलेला चेंडू त्यात जातो. या टोकाकडून सात-सात किलोचा चेंडू गडगडत सोडायचा आणि त्या टोकाच्या दहा पिना पाडायच्या. खेळ एवढाच. खेळात मला कधी गोडी वाटली नाही. पण ती वाट मी पट्टी पट्टी जुळवून बसवली. चार महिने लागले. साठ फुटांत दोन टोकांमध्ये सुताचाही फरक राहू दिला नाही. काम संपल्यावर साहेबांनी चेंडू सोडला, तो सरळ गेला, आणि ते मला म्हणाले, "मेस्त, तुम्ही आता जायचं नाही." मी गेलो नाही. सोळा वर्षं तिथंच राहिलो. घरी लोक विचारायचे, काय करतंस? मी सांगायचो, लेन सांभाळतंय.

त्याच कंटेनरात सगळ्यात शेवटी एक खोका निघाला. त्यात हे मशीन.

लोखंडी पिंप म्हणा, पण आडवं. रुंद रबराच्या चाकांवर बसलेलं. पुढं साडेतीन फुटांचं तोंड, बरोब्बर लेनीएवढं, खाली जाड नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी, म्हणजे लाकडावर चरा पडू नये. पन्हळीसाठी वेगळं अर्धगोल तोंड. बनवणाऱ्यानं ते बोलिंगच्या लेनीसाठीच बनवलं होतं, दुसऱ्या कशासाठी नाही. घरातला गालिचा त्यानं साफ झाला नसता, खुर्चीखाली ते शिरलं नसतं. एकाच कामासाठी जन्माला आलेली वस्तू मला आवडते. वयानं माझ्या बरोबरीचं असावं, किंवा थोडं मोठंच.

पहिल्या दिवशी आम्ही ते जाळलं. अमेरिकेची वीज एकशेदहाची, आपली दोनशेतीसची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. धूर निघाला. कुडाळच्या एका वायंडरनं मोटर उघडून आपल्या विजेसाठी नव्यानं गुंडाळून दिली, आणि मग ते चाललं. पहिल्यांदा चाललं तेव्हा असा हुंकार दिला की माळी बाहेरून धावत आला. माझी बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारात थांबून म्हणाली, "रेडो बांधून ठेवलास की काय हंय?" तेव्हापासून त्याचं नाव रेडा.

हॉटेल समुद्रावर. म्हणजे वाळू. तुम्हाला वाळूत पाय घालून बसायला बरं वाटत असेल, माझा ती शत्रू. एक कण लेनीवर राहिला, त्यावरून सात किलोचा चेंडू गेला, की लाकडावर केसाएवढी रेघ पडते. अशा हजार रेघा झाल्या की लेन मेली. केरसुणी मारून उपयोग नाही, कारण लेनीच्या पुढच्या भागाला पातळ तेलाचा हात दिलेला असतो. केरसुणीनं धूळ त्या तेलातच कालवली जाते. म्हणून हे मशीन. रोज सकाळी सातला मी चपला बाहेर काढायचो, पाय धुऊन पुसायचो आणि पिनांकडून सुरुवात करून उलटा चालत यायचो, मशीन माझ्यामागोमाग ओढत. भाताचा तरवा लावताना बायका जशा मागं मागं सरकतात तसं. म्हणजे आपली पावलंही मागं राहत नाहीत. साहेबांनी एकदा रबरी बूट आणून दिले. मी घातले नाहीत. अनवाणी पायाला तेल कुठं संपलं ते कळतं, कण राहिला तर तोही कळतो. बुटाला काय कळणार?

आणि कान. धुळीची पिशवी रिकामी असली की रेडा खालच्या पट्टीत हुंकारतो. भरत आली की आवाज बारीक होतो, वर चढतो. साठ फुटांत आवाज कुठं चढला यावरून मी सांगायचो की काल कुठल्या बाकावर मुंबईची माणसं बसली होती. साहेब म्हणायचे, "तुम्ही थापा मारता." मग जाऊन बघायचे, त्या बाकाखाली वाळूचा ढीग.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. मी दाराशी नळ बसवून घेतला होता आणि काथ्याचं पायपुसणं टाकलं होतं. पाय धुतल्याशिवाय आत नाही. एकदा एक मोठे साहेब आले, बरोबर चार माणसं. म्हणाले, "आम्ही खेळायला आलोय, देवळात नाही." मी रेडा ओढत दारात आणून आडवा लावला आणि त्यावर बसलो. म्हटलं, "घरात शिरताना धुतास मां पाय? मगे हंय पण धुवा." परुळेकर साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण मोठ्या साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, पाय धुतले. जाताना म्हणाले, "माझा बाप असाच होता." खेळले मात्र अगदी वाईट. सगळे चेंडू पन्हळीत.

एकदा लग्न होऊन आठ दिवस झालेली मुलगी चेंडू टाकायला वाकली आणि मंगळसूत्र वाढलं. काळे मणी सगळ्या लेनीवर. कोणीतरी शहाण्यानं माझ्या नकळत रेडा चालू केला आणि सगळे मणी ओढून घेतले. मुलगी रडायला लागली. सासू बरोबर होती, कोल्हापूरकडची, ती बाकावर मांडी घालून बसली. "एक मणी जरी कमी आला तरी मी हितनं उठायची न्हाई." मी बायकोला निरोप पाठवला, सूप घेऊन ये.

बायको आली. रेड्याची पिशवी बाहेर फरसबंदीवर वर्तमानपत्रावर ओतली आणि ती पाखडायला बसली, तांदूळ पाखडावेत तशी. धूळ उडून जाते, मणी जड, ते सुपात राहतात. पाखडता पाखडता काय काय निघालं ते ती मोठ्यानं सांगत होती. "ह्यो आकडो. ही कोणाची तरी नखी, खोटी. शेंगदाण्याची साला. ह्या काय गो बाये, च्युइंगम? रेड्याच्या पोटात बाजार भरलोसा." रडणारी मुलगी हसायला लागली. मणी किती होते ते सासूलाही माहीत नव्हतं. तिनं ते दोऱ्यात ओवले आणि सुनेच्या गळ्याशी धरून लांबी बघितली. "दोन कमी हाईत." मी म्हटलं, कसे काय कळले? "डोळ्याला दिसतंय." मी नमद्याची पट्टी सोडवली. दोन मणी त्यात रुतले होते. त्या बाईला मी आजही मानतो.

आता माझी चूक लिहितो. बायको म्हणते लिहू नका. पण लिहिणार.

लेनीला लावायचं तेल कंटेनराबरोबर डब्यांतून आलं होतं. दोन-तीन वर्षांत ते संपलं. परुळेकर साहेबांनी मुंबईला फोन केले, कुठं मिळेना. शनिवारी एका कंपनीची पन्नास माणसं येणार होती. साहेब म्हणाले, "दोन दिवस बिनतेलाचं चालेल का?" मी म्हटलं, चालणार नाही, लाकूड सुकेल. पण माझ्या मनात आलं, लाकूड ते लाकूड. आमचे आजे-पणजे होडीला मोरीचं तेल लावत आले. मोरी म्हणजे शार्क, तिच्या काळजाचं तेल. त्या तेलावर होड्या दोन-दोन पिढ्या टिकल्या. मी कुणाला न विचारता मेव्हण्याकडून एक डबा आणला आणि शुक्रवारी दुपारी दोन्ही लेनींना हात दिला. फडक्यानं नाही, तळहातानं, होडीला देतात तसा. लेन अशी चमकली की मी तिच्यात माझं तोंड बघितलं.

शनिवारी सकाळी दहापर्यंत ठीक होतं. मग वरचे पत्रे तापले.

मालवणच्या माणसाला तो वास म्हणजे घर. पण कंपनीची माणसं नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली. त्यांच्यामागून मांजरं आली. हॉटेलच्या आसपास इतकी मांजरं आहेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. सात मांजरं लेनीवर बसून लाकूड चाटत होती. मी घाबरून रेडा चालू केला, की निदान तेल ओढून घेईल. त्यानं ते ओढलं आणि मागच्या जाळीतून गरम करून सगळ्या हॉटेलभर सोडलं. जेवणाच्या खोलीत एका माणसानं म्हणे विचारलं, आज स्पेशल काय आहे.

परुळेकर साहेब आले. मला वाटलं, आता काढणार. मी तयारच होतो, काही बोलले असते तर मीच डबा उचलून निघालो असतो. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बूट काढले, आणि टर्पेंटाइनचा डबा आणि फडकी घेऊन माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले. आम्ही दोघांनी मिळून साठ साठ फुटांच्या दोन लेन पुसल्या. रविवारी परत पुसल्या. मधेच ते एकदा म्हणाले, "मेस्त, चेंडू कसा गेला असता हो यावर?" मी म्हटलं, "गोळीसारखो." ते म्हणाले, "एक सोडून बघायला हवा होता." एवढंच. शेठला त्यांनी कळवलं की दमट हवेनं तेल नासलं. पिशवीचा वास मात्र पुरता गेला नाही. गौरी-गणपतीपर्यंत रेडा चालू केला की मागून मोरी यायची.

माझ्यासाठी खोटं बोललेला तो एकच वरिष्ठ माणूस. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मग शेठ थकले, मुलांना रस नव्हता, हॉटेल विकलं गेलं. नव्या मालकांना लग्नाचा हॉल हवा होता. त्यांनी साहेबांना सांगितलं, बोलिंगबिलिंग काढून टाका. मला कुणी सांगितलं नाही. सकाळी सातला गेलो तर आत चार माणसं पहारी घालून लेन उखडत होती. ज्या पट्ट्या मी चार महिने जुळवल्या त्या अर्ध्या तासात फुटत होत्या. खिळा वर येताना किंचाळतो, तो आवाज बाहेर कंपाउंडपर्यंत येत होता. रेडा उघड्यावर, माडाखाली, पावसात. मी आत गेलो नाही. घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पाऊस धो धो, माझ्या खळ्यात टेम्पो येऊन थांबला. परुळेकर साहेब छत्री न घेता उतरले. मागं प्लास्टिक घालून बांधलेला रेडा. ते म्हणाले, "मेस्त, मी मागून घेतला. भंगारात जाणार होता. तुमच्याकडे शोभेल."

मी पडवीत उभा होतो. मला त्या वेळी फक्त पहारी दिसत होत्या. मी म्हटलं, "ह्या भंगार माझ्या खळ्यात उतरू नुको."

"मेस्त, अहो..."

"लेन फोडलास तेवां माका विचारलास? आता हाड घेवन इलास कुत्र्याक घालूक?"

असं बोललो. तोंडातून गेलं ते गेलं. साहेबांच्या चष्म्यावरून पाणी गळत होतं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "वळव." टेम्पो वळला. बायको दारात उभी होती, ती आत गेली आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बोलायची नाही.

नंतर कळलं की त्या दिवशी साहेबांचाही हिशेब करून त्यांना घरी पाठवलं होतं. जाताना मागितलेली एकच वस्तू त्यांनी स्वतःसाठी नाही मागितली. ते बेळगावला मुलाकडे गेले. मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिलो. आपण आधी जायचं की त्यांनी आधी यायचं, असला विचार. दीड वर्षांनी ते वारले, ते मला महिन्यानं समजलं.

त्यानंतर मी रेडा शोधायला लागलो.

का, ते मला नीट सांगता येत नाही. साहेब परत मिळणार नव्हते आणि लेनही नाही. पण रोज सकाळी सातला पाय धुतले की कानात पोकळी वाटायची. समुद्राच्या काठावर राहणारा माणूस चार दिवस मुंबईला गेला की त्याला झोप लागत नाही, कारण गाज नसते. तसं. मी मालवणचे भंगारवाले बघितले, कसालचे बघितले, कुडाळचे बघितले, एस.टी.नं खारेपाटणपर्यंत गेलो. भंगारवाले मला ओळखायला लागले. दुरून दिसलो की म्हणायचे, "मेस्त इलो रे, रेडो सोदूक." एकानं तर खराखुरा रेडाच दाखवला, शेजाऱ्याचा. मी हसलो नाही. अशी सहा वर्षं.

गेल्या वर्षी सावंतवाडीला भाच्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवण उशिरा, म्हणून तळ्याकडे फिरायला निघालो. एका गल्लीत नवीन पद्धतीचं कॉफीचं दुकान, काचेचं दार. काचेतून आत सहज बघितलं आणि पाय तिथंच थांबले.

पिवळा रंग दिला होता त्याला. हळदीसारखा पिवळा. पाठीवर लाकडी आंबे-केळी मांडलेली, सावंतवाडीची रंगवलेली असतात ती. पुढच्या साडेतीन फुटी तोंडावर कॉफीची यादी लटकवलेली. पण चाकं तीच. डाव्या चाकाला मी काजऱ्याच्या लाकडाचा बूश, म्हणजे आसाभोवतीची कडी, बसवला होता, तो तसाच.

आत गेलो. चपला दाराशी काढल्या, सवयीनं. दुकान चालवणारी मुलगी तिशीची असेल, नाव मैथिली. म्हणाली, "आजोबा, चपला घालून या, चालतं." मी म्हटलं, "माका चलना नाय." मग तिला सांगितलं की हे काय आहे, कुठून आलं, कोण चालवायचं. ती काउंटरवरून बाहेर येऊन उभी राहिली. तिच्या वडिलांनी बांद्याजवळच्या एका भंगारवाल्याकडून ते उचललं होतं, काय आहे हे माहीत नसताना, नुसतं देखणं आहे म्हणून.

मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. कामही मागितलं नाही, लोक घरी आले. त्या दिवशी मी त्या मुलीला म्हटलं, "बाय, ह्या माका दी गो."

तिनं माझ्याकडे बघितलं. लगेच उत्तर दिलं नाही, ते मला बरं वाटलं. मग म्हणाली, "आजोबा, खोटं बोलत नाही, नाही देता येणार. लोक ह्याच्यासाठी येतात, फोटो काढतात. माझ्या दुकानाची पाटी आहे ती." मग विचारलं, "चालतं का हो हे?"

"चलता काय विचारतंस? सोळा वर्सां चलवलंय."

"मग गुरुवारी या ना. आठवडा बाजार नसतो, निवांत असतं. दुरुस्त करा आणि लोकांना चालवून दाखवा. खूप आवडेल सगळ्यांना."

दाखवा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी दरवेशी न्हय, अस्वल नाचवणारो." आणि बाहेर पडलो. लग्नाचं जेवणही नीट जेवलो नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. रेडा मिळाला, देत नाहीत, नाचवायला बोलावतात, मी नाही म्हणून आलो. ती नारळ खवत होती. खवता खवता थांबली.

"खंय आसा तो?"

"सावंतवाडीक."

"चलता?"

"चलत नाय. पण चलात."

"मगे नाय कित्याक म्हटलास?"

"म्हणजे? लोकांफुडे खेळ करून दाखवचो काय मी?"

ती म्हणाली, "आयका. त्या पावसात परुळेकरांका धाडलास, तेवां मी गप रवलंय. माझी चूक झाली. आता रवूचंय नाय. तुमका कोण दोनदा विचारता? त्यांनी विचारल्यानी, ह्या चेडवान विचारल्यान. तिसरो कोण येवचो नाय. जावचा आसा तर जावा, नसात तर माझ्याफुडे परत रेड्याचा नाव काढू नुको." आणि परत खवायला लागली, आधीपेक्षा जोरात.

गुरुवारी गेलो. पहिली एस.टी. पकडली. पिशवीत पाने, कानस, रॉकेलची बाटली.

मैथिलीनं लाकडी फळं उतरवून घेतली आणि एक स्टूल आणून दिलं. मी रेडा उघडला. आत उंदरानं घर केलं होतं, वर्तमानपत्राच्या बारीक बारीक कपच्या. पिशवी कुजलेली. पण कुडाळच्या त्या वायंडरचं काम पक्कं, मोटरची तार शाबूत. अडचण एकच, कार्बनचे ब्रश झिजून संपलेले. ब्रश म्हणजे बोटाच्या पेराएवढे कार्बनचे दोन ठोकळे, मोटरच्या फिरत्या भागाला टेकलेले असतात, त्यातून वीज आत जाते. ते झिजणारच, झिजण्यासाठीच असतात. असल्या जुन्या मोटरचे आता कुठं मिळणार? मी बॅटरीचे जुने मोठे सेल फोडले, त्यांच्या पोटात कार्बनची कांडी असते, ती फरशीच्या तुकड्यावर घासून घासून मापाची केली. हाताची बोटं दोन दिवस काळी. तीन गुरुवार गेले. पिशवी बायकोनं जाड मांजरपाटाची शिवली, टाके दुहेरी घातले.

चौथ्या गुरुवारी सकाळी दुकानात सात-आठ माणसं होती. मी पाय धुतले. मैथिलीला वाटलं मला हात धुवायचेत, ती साबण घेऊन आली. मी बटण दाबलं.

आधी नुसता कण्हला. जळका वास आला. मग सेलच्या कांडीचे घासलेले ब्रश बसले आपल्या जागी आणि हुंकार आला, खालच्या पट्टीतला, पिशवी रिकामी असतानाचा. माणसांनी मोबाईल वर धरले. एक बाई कानांवर हात ठेवून हसत होती. मला वाटलं होतं लाज वाटेल. माझं लक्षच नव्हतं त्यांच्याकडे.

मैथिली जवळ येऊन ओरडून म्हणाली, "आजोबा, काय ऐकताय?"

मी तिला दांडा धरायला दिला. म्हटलं, "आयक. आता पिशवी रिकामी आसा. ह्या कोपऱ्यात साखर सांडलेली आसा, थंय व्हर, बघ आवाज कसो चढता." ती घेऊन गेली. आवाज चढला. तिनं चमकून माझ्याकडे बघितलं. परुळेकर साहेब बाकाखाली वाकून बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

मग मी एकदा चालवला, माझ्या पद्धतीनं, उलटा. दुकानाची फरशी गुळगुळीत आहे, वाईट नाही. पण लाकूड ते लाकूड. फरशी पायाखाली गार लागते, लाकूड गार लागत नाही. आणि साठ फूट नाहीत. अंगाला सवय साठ फुटांची, मन मोकळं सोडून मागं यायची. इथं अकराव्या पावलाला पाठीला भिंत लागते. पहिल्या दिवशी धडकलो तेव्हा लोकांना वाटलं म्हातारा पडला. पडलो नव्हतो. मला वाटलं होतं अजून बरंच जायचंय.

आता दर गुरुवारी जातो. दाखवायला जातो असं कुणी म्हटलं तरी मी भांडत नाही. पिवळा रंग तसाच आहे. एकदा म्हणून बघितलं, मुलगी ऐकत नाही, तीही हट्टी आहे. अकरा पावलं येतो, अकरा जातो, पाव तास चालवतो. जास्त नाही, कारण सेलचे ब्रश नरम असतात, लवकर झिजतात. एक जोड चार-पाच महिने पुरेल, असा माझा अंदाज.

पावसात घरी बसून मी चार जोड घासून ठेवले. पहिला चालू आहे. दोन माझ्या पेटीत आहेत. चौथा मैथिलीकडे काउंटरच्या खणात ठेवून आलो, आणि मोटर उघडून तो कसा बसवायचा ते तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्यासमोर बसवून दाखवला.